एका कंट्रोलरवर दोघं

मित्रांनो, मी एक जुना गेम कंट्रोलर आहे. आमच्या घरात मात्र मला या नावानं कुणी ओळखत नाही. इथे आम्ही तिघं भावंडं आहोत. एक काळा, एक निळा आणि मी. मी मूळचा पांढरा, पण आता माझा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला आहे. म्हणून सगळे मला नुसतं 'जुना' म्हणतात. "जुना कुठंय? दे इकडे!" असं कुणी ओरडलं की मला फार बरं वाटतं.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. कुणी माझ्या पोटात तारा जोडल्या, कुणी बटणं बसवली. शेवटी एका बाईंनी माझ्या दोन्ही दांड्या गरागरा फिरवल्या आणि बोटानं माझा चाप ओढला. मी आयुष्यात पहिल्यांदा थरथरलो. त्या हसून म्हणाल्या, "चला, जीव आला याच्यात." मग मी खोक्यात गेलो, खोका ट्रकमध्ये गेला आणि ट्रक एका दुकानाशी थांबला.

तिथून मला एका न्हाव्यानं घरी आणलं. त्यानं नुकतंच स्वतःचं दोन खुर्च्यांचं सलून थाटलं होतं. मित्र त्याला 'कैची' म्हणायचे, कारण कामावर असला की त्याची बोटं चालायची आणि सुट्टीवर असला की जीभ. सलूनच्या वरच्याच दोन खोल्यांत तो आईबरोबर राहायचा. आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, नुकत्या निवृत्त झाल्या होत्या.

रविवारी दुपारी सलूनचं शटर खाली आलं की जिन्यावर चपला वाजायच्या. कैचीचे शाळेपासूनचे दोन मित्र उसने कंट्रोलर घेऊन यायचे. एक वायरमन, दुसरा गणिताचा मास्तर. तिघं सोफ्यावर दाटीवाटीनं बसायचे आणि आमचा खेळ सुरू व्हायचा.

खेळ असा होता. बंद पडलेल्या एका कारखान्यात बिघडलेले यंत्रमानव मोकाट सुटले आहेत. ते झुंडीनं अंगावर येतात. तिघांनी पाठीला पाठ लावून गोळ्या झाडायच्या आणि एकेक मजला चढत छत गाठायचं. आपल्यातला कुणी पडला तर दुसऱ्यानं धावत त्याच्यापाशी जायचं, बटण दाबून धरायचं आणि त्याला उठवायचं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की या खेळाची सगळी मजा गोळ्या झाडण्यात आहे. मीही आधी तसंच समजत होतो. पण मी तळहातात राहणारा प्राणी. खरी गंमत कशात आहे, ते मला घामावरून कळतं. समोर दहा यंत्रमानव आले तरी कैचीचा हात कोरडा असायचा. पण वायरमन "अरे पडलो रे, या कुणीतरी!" म्हणून ओरडला की तोच हात भिजून जायचा. कैची मला घट्ट आवळायचा आणि गोळ्यांच्या मधून पळत सुटायचा. मित्र उठून उभा राहिला की तिघं असे काही ओरडायचे, की खालच्या फळवाल्याला वाटायचं वर भांडण लागलं.

भांडणंही व्हायचीच म्हणा. मास्तर प्रत्येक मजल्याआधी योजना समजावून सांगायचा. "हे बघा, मी डावीकडे, वायरमन उजवीकडे, आणि कैची, तू मधे थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचं!" एवढं म्हणेपर्यंत कैची दार उघडून आत शिरलेला असायचा. वायरमनला बंदुकीत गोळ्या भरायचं भानच राहायचं नाही. "दुसऱ्यांच्या घरात उजेड पाडतोस, तुझ्या डोक्यात कधी पडणार?" असं मास्तर विचारायचा. मग हसून हसून कुणाच्या तरी हातातला चहा सांडायचा. एकदा तो माझ्यावर सांडला. त्या दिवसापासून माझा उजवा चाप सैल पडला, नुसतं बोट टेकवलं तरी आत जायला लागला. नवे काळा आणि निळा आले, तिघं ते आळीपाळीनं वापरू लागले आणि मी टीव्हीखालच्या खणात जाऊन पडलो.

मग एके दिवशी वळणावर कैचीची स्कूटर घसरली आणि त्याचं उजवं मनगट मोडलं.

हात बरेच दिवस प्लॅस्टरमध्ये होता. प्लॅस्टर निघालं, पण बोटं वळेनात. फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्याला एक रबरी चेंडू दिला आणि सांगितलं, "दाबत राहा. बोटांना काम द्या, ती हळूहळू ऐकतील." कैची दोन-तीनदा चेंडू दाबायचा आणि कोपऱ्यात भिरकावून द्यायचा. खाली सलूनमध्ये दुसऱ्या खुर्चीवरचा त्याचा जोडीदार एकटाच गिऱ्हाइकं सांभाळत होता. कैचीची जीभसुद्धा बंद पडली. खणातून मला त्याचा आवाज ऐकू येईना, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. हा हात पुन्हा कैची धरणार की नाही?

रविवारी दोघे मित्र आले. कैची म्हणाला, "तुम्ही खेळा. मी बघतो." पण थोड्या वेळानं तो उठून आत गेला. वायरमननं काळा कंट्रोलर खाली ठेवला. मास्तरनंही. खेळ चालूच राहिला आणि यंत्रमानवांनी दोघांना लोळवलं.

तेव्हा आईंनी टीव्हीखालचा खण उघडला आणि मला बाहेर काढलं.

"इकडे ये रे," त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली. "डावा हात चालतो ना तुझा? उजव्या हाताला काय काय करावं लागतं यात?"

"नेम धरायचा आणि चाप ओढायचा. पण तुला नाही जमायचं, आई."

"मी एका वेळी वीस माणसांचे फोन जोडलेत. एक चाप ओढता येणार नाही होय? बस इथे."

तो नाइलाजानं बसला. माझी डावी बाजू त्यानं धरली, उजवी आईंनी. मित्रांनो, एवढ्या वर्षांत मी कितीतरी हात पाहिले, पण एकाच वेळी दोघांच्या हातात कधी नव्हतो. कैची पुढे पळायचा तेव्हा आई आभाळाकडे बघत असायच्या. आईंना समोर शत्रू दिसायचा तेव्हा कैची भिंतीला धडकलेला असायचा. पहिल्याच झुंडीत आम्ही आपटलो.

"काकू, तुम्ही मला गोळी घातलीत!" वायरमन ओरडला.

"राँग नंबर," आई शांतपणे म्हणाल्या.

कैची फसकन हसला. किती दिवसांनी हसला!

पुढच्या रविवारी आई चष्मा पुसून तयार बसल्या होत्या. त्यांचा नेम हळूहळू सुधारला, पण त्यांचा खरा उपयोग निराळाच निघाला. तिघं एकाच वेळी ओरडायचे, कुणाचं कुणाला कळायचं नाही. आईंचा आवाज मात्र ऑपरेटरचा. कधी चढायचा नाही, कधी अडखळायचा नाही. "डाव्या जिन्यातून तिघं येतायत, मास्तर, तू घे. वायरमन, गोळ्या भर." आणि दोघं चक्क ऐकायचे! एखादा यंत्रमानव फारच जवळ आला की त्या गोळ्या झाडता झाडता त्याला म्हणायच्या, "कृपया प्रतीक्षा करा."

एकदा आईंना नेम धरणं आणि चाप ओढणं, दोन्ही साधेना. त्या म्हणाल्या, "अंगठा माझा असू दे. चापावर तुझं बोट ठेव."

"वळत नाही ते, आई."

"ठेव तर खरं."

त्यानं आखडलेलं बोट माझ्या चापावर टेकवलं. काळ्याचा आणि निळ्याचा चाप त्याला मुळीच ओढता आला नसता. पण माझा तर चहानं सैल झालेला! बोट जेमतेम कागदाच्या जाडीएवढं हललं, आणि मी त्याच्या हातात जोरानं थरथरलो. पडद्यावर गोळी सुटली. कैचीनं आपल्या बोटाकडे पाहिलं. मग त्यानं पुन्हा चाप ओढला. समोर शत्रू नव्हता, तरी तो भिंतीवरच गोळ्या झाडत राहिला. मास्तरनं गोळ्या फुकट जातायत म्हणून एकदाही टोकलं नाही.

त्यानंतर चेंडू कोपऱ्यात गेला तो गेलाच. "बोटांना काम द्या" या सल्ल्याचं पालन कैची आता माझ्यावर करू लागला. फिजिओथेरपिस्ट बाईंना त्यानं खरं सांगितलं, तेव्हा त्या हसत म्हणाल्या, "तुमच्या आईंना माझ्याकडे कामाला पाठवा."

आणि मग तो रविवार आला. शेवटचा मजला. इथवर ते याआधीही पोचले होते, पण छताची लिफ्ट खाली येईपर्यंत कधी टिकले नव्हते. पहिल्या झटक्यात वायरमन पडला. त्याला उठवायला गेलेला मास्तरही पडला. उरलो आम्ही.

"पळ, लिफ्ट आली बघ! तू तरी वर जा!" मास्तर म्हणाला.

"गप रे," कैची म्हणाला. "आई, उजवीकडे."

"उजवीकडे दोघं. मागे एक. ओढ."

आईंचा अंगठा वळला, कैचीचं बोट वळलं. एक गेला. दुसरा गेला. तिसरा अंगावर आला आणि मी इतका थरथरलो, की माझे स्क्रू निघतील असं वाटलं. तोही गेला. लिफ्टकडे पाठ करून कैची वायरमनपाशी धावला, बटण दाबून धरलं. वायरमन उठला. त्यानं मास्तरला उठवलं. लिफ्टचं दार मिटता मिटता तिघं आत घुसले आणि वर छत उघडलं.

मास्तर सोफ्यावर उभा राहून नाचला. वायरमननं काकूंना उचलायचा प्रयत्न केला आणि पाठ धरून खाली बसला. कैचीनं मला दोन्ही हातांत धरलं होतं. दोन्ही हातांत!

थोड्याच दिवसांनी तो खाली सलूनमध्ये आपल्या खुर्चीमागे उभा राहिला. पहिलं डोकं वायरमननं पुढे केलं. ते केस एका कानावर जरा वरच कापले गेले, असं मी ऐकलं. वायरमन तसाच आठवडाभर शिडीवर चढून दिवे लावत फिरला. विचारेल त्याला सांगायचा, "आमच्या कैचीनं कापलेत!"

आता काळा कैचीकडे असतो, निळा मास्तरकडे. वायरमननं स्वतःसाठी हिरवा आणला आणि मी काकूंचा झालो. डावी दांडी त्या अजून शिकतायत, त्यामुळे रविवारी निम्मा वेळ मी भिंतीत तोंड खुपसून असतो. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. ओल्या हातांनी आम्हाला धरू नका, हरलात म्हणून जमिनीवर आपटू नका, खेळ संपला की वायर नीट गुंडाळून ठेवा. आणि खेळायला बसाल तेव्हा शेजारी आणखी एक कंट्रोलर मांडा. मग दाराशी जा आणि तो धरायला कुणाला तरी हाक मारा.