आपोआप उघडणारी दारं

जीपमधून वडिलांची, आबांची, दुर्बीण चोरीला गेली तेव्हा खंडोजी पोलिसांत गेला नाही. त्यानं पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात फोन करून धाकट्या भावाला, सयाजीला, घरी बोलावून घेतलं. रविवारी सकाळी सयाजी बसवनगुडीला पोचला, तर फाटकातच खंडोजीकडून ऐकावं लागलं.

"काच फुटली नाही, कुलूप तुटलं नाही. दुसरी किल्ली तुझ्याकडे असते. आणि दुर्बीण तुला हवीच होती."

हवी होती, हे खरं. आबा गेल्यावर सयाजीनं ती मागितली होती, खंडोजीनं दिली नव्हती. तेव्हापासून दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं होतं. पण म्हणून चोर? समोरच्या घरातली माणसं गॅलरीत येऊन ऐकत होती. सयाजीची कानशिलं तापली.

"अण्णा, मला गाडी बघू द्या."

"पुरावा मिटवायला?"

"मग उभे राहा शेजारी."

जीप आबांच्या वेळची. तिला सेंट्रल लॉक मात्र गेल्या वर्षी बसवलेलं, खंडोजीनं जयनगरच्या ओळखीच्या माणसाकडून. ड्रायव्हरचं दार लावलं की बाकीची तीन आपोआप बंद. सयाजीनं फ्यूज बघितला, चांगला होता. एकेका दाराशी कान लावून मोटर ऐकली, त्यातही खोट नव्हती. मग ड्रायव्हरचं दार सताड उघडून त्यानं लॉकची खुंटी दाबली. बाकीच्या तीन खुंट्या खाली गेल्या.

दार आणि बॉडीच्या मध्ये तारा नेणारी रबरी नळी होती. ती त्यानं नुसती हलवली. खट्. चारही खुंट्या वर.

त्यानं पुन्हा लॉक केलं, पुन्हा नळी हलवली. पुन्हा खट्.

नळी सरकवली तर आत एका तारेचं प्लास्टिक घासून गेलं होतं, उघडं तांबं पत्र्याला टेकत होतं. "ही पत्र्याला लागली की गाडीला वाटतं कुणी किल्ली फिरवली. रस्त्यात कुणी दाराला नुसतं टेकलं तरी पुरे."

 इतका वेळ पायरीवर उभी असलेली खंडोजीची बायको, अंजली, पुढे आली.

"मी सांगितलं होतं यांना. मागच्या आठवड्यात भाजी घेऊन आले तर चारही दारं उघडी. लावून गेले होते मी."

सयाजीच्या हातात चिकटपट्टी होती, तारेला गुंडाळायला काढलेली. हात तिथंच थांबला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तिला लावता येत नाही नीट, असं वाटलं मला," खंडोजी म्हणाला. "आणि मग दुर्बीण नेली कोणी, ते सांग की."

"म्हणजे अजूनही मीच."

खंडोजी गॅलरीतल्या माणसांकडे बघत राहिला. 'नाही' एवढा एक शब्द बोलला असता तर त्यांनीही तो ऐकला असता.

सयाजीनं पट्टी खिशात घातली. फ्यूज उपसला आणि आपल्या किल्लीसकट बॉनेटवर ठेवला. "आता एकेक दार हातानं लावा. आपोआप उघडणार नाही."

"भावजी, स्वल्प थांबा, कॉफी टाकते," अंजली म्हणाली.

"नको वहिनी. इथं पाणीसुद्धा नको."

दुर्बीण सापडली नाही. आबांच्या श्राद्धाला दोघे भाऊ शेजारी बसले, भटजी सांगतील तसे हात जोडत राहिले. जेवणं झाल्यावर सयाजी बसनं गेला. खंडोजीनं जीपमधून सोडतो म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी सयाजी तिच्यात बसला नसता.