रामदासाच्या गाण्याचा डफ

मी एक जुना डफ आहे. मित्रांनो म्हणण्याची रीत आहे, म्हणून मीही तुम्हाला मित्रांनो म्हणतो. पण माणसांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. ज्यांनी मला डोक्यावर घेऊन नाचवलं, त्यांनीच माझं कडं फोडलं. आणि त्याआधी माझ्याकडून एक वाईट काम करून घेतलं. ते काम मी विसरू शकत नाही. तुम्हीही ऐकून घ्या.

माझा जन्म लालबागचा. तात्या नावाचे एक कारागीर तिथे ढोलक्या आणि डफ मढवत असत. त्यांनी शिसवी लाकडाचं कडं घासून गुळगुळीत केलं, बकऱ्याचं कातडं भिजवून त्यावर ताणलं आणि मला सावलीत वाळत टाकलं. मी तयार झालो त्याच आठवड्यात कुशाबा मला घेऊन गेला.

कुशाबा मूळचा साताऱ्याकडचा. परळच्या एका गिरणीत तो साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, काम करायचा. दिवसभर साच्यांचा खडखडाट ऐकून त्याचे कान बधिर होत, पण गळा मात्र असा होता की मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा माणूसही मान वळवून बघायचा. संध्याकाळी तो मला निखाऱ्यावर शेकायचा, बोट मारून आवाज बघायचा आणि गायला बसायचा. त्याची बायको मालन म्हणायची, "माझ्यापरीस त्या डफाला जास्त जपता." ते खरंच होतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि छप्पन्न सालच्या जानेवारीत सगळा गिरणगाव रस्त्यावर उतरला. दगड उडाले, अश्रुधूर झाला, गोळ्या सुटल्या. आमच्या चाळीच्या मागच्या गल्लीतला रामदास नावाचा वीस वर्षांचा बदली कामगार त्यात मेला. त्याची आई जाईबाई त्याच्या अस्थी घेऊन कोकणात आपल्या गावी गेल्या आणि बरेच महिने तिकडेच राहिल्या.

आमच्या भागात चळवळीच्या सभा भरवणारं एक मंडळ होतं. त्याचे चिटणीस कमलाकांत. ते गिरगावचे, एका वकिलाच्या कचेरीत काम करणारे, शुद्ध बोलणारे. एके दिवशी ते कुशाबाकडे आले आणि म्हणाले, "शाहीर, आपल्या रामदासावर एक गाणं झालं पाहिजे. तो छाती काढून उभा राहिला होता म्हणतात."

"कुणी बघितलं?" कुशाबाने विचारलं.

"सगळे म्हणतात. तुम्ही लिहा."

कुशाबाने लिहिलं. रामदासाला तो फक्त चेहऱ्याने ओळखत होता. त्याने कोणाला काही विचारलं नाही. दोन दिवसांत गाणं तयार झालं:

रामदासानं छाती काढली, म्हणे झाडा गोळी,
मुंबईसाठी मांडली आम्ही रक्ताची रांगोळी!

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? त्या गाण्यावर मी जसा वाजलो तसा कधीच वाजलो नाही. दुसऱ्या ओळीला माणसं उठून उभी राहायची. लालबाग, परळ, वडाळा, जिथे जाऊ तिथे त्याच गाण्याची फर्माईश. लोकांनी मला हार घातले. माझ्या कातड्यावर गुलाल बसला. मला वाटू लागलं, माझ्यासारखा डफ मुंबईत दुसरा नाही.

मग गणपती झाल्यावर जाईबाई गावाहून परत आल्या.

त्या रविवारी परळच्या मैदानावर सभा होती. अजून ऊन होतं. कुशाबाने गाणं सुरू केलं आणि 'छाती काढली' ही ओळ येताच बायकांच्या बाजूने एक किडकिडीत बाई उठली. विटकं लुगडं, कपाळ मोकळं. ती हात वर करून ओरडली, "थांबवा ह्यां! ह्यां सगळां खोटां हा! माझो झील, माझो रामदास, मोर्चाक गेलोच नव्हतो! दळाण आणूक गेल्लो तो. पिठाचो डबो होतो तेच्या हातात!"

कुशाबाचा हात क्षणभर थांबला. लोक मागे वळून बघू लागले. व्यासपीठावरून कमलाकांत वाकले आणि दात आवळून म्हणाले, "वाजवा, कुशाबा! जोरात वाजवा! दाबून टाका तो आवाज!"

आणि कुशाबाने मला वाजवलं. पूर्ण ताकदीने वाजवलं. एका आईचा आवाज बुडवण्यासाठी मला वाजवलं, आणि मी वाजलो. शेकून कडक झालेलं माझं कातडं, त्याला नाही म्हणता येत नाही. जाईबाईंचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द ऐकू येत नव्हते. मग कोणीतरी ओरडलं, "फितूर आहे ती! सरकारनं पाठवलीय!" दोन बायकांनी त्यांना दंडाला धरून मैदानाबाहेर नेलं. एकाने त्यांच्या मागे चप्पल भिरकावली. आपल्याच माणसांनी, मित्रांनो. ज्यांच्या तोंडी तिच्याच मुलाचं नाव होतं, त्यांनी.

दुसऱ्या दिवसापासून जाईबाईंचं जगणं कठीण झालं. नळावर त्यांची बादली रांगेतून बाहेर सरकवली जाऊ लागली. शेजारणी त्यांना बघून दार लोटून घेत. त्यांच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने 'फितूर' असं लिहिलं. जाईबाईंनी ते पुसलंही नाही.

हे सगळं मालनने नळावर बघितलं आणि घरी येऊन ती कुशाबाला म्हणाली, "पोरगं तिचं. तिला इचारलं व्हतं का तुमी? आन् आता वर मान करून जेवताय."

कुशाबा ताटावरून उठला. मला काखेत मारून तो जाईबाईंच्या दारात गेला. मला का नेलं कोण जाणे. माझ्याशिवाय कुठे जायची त्याला सवयच नव्हती.

जाईबाईंनी मला बघितलं मात्र, त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "आत येव नको," त्या म्हणाल्या. "तो डफ घेऊन माझ्या दारात येवची लाज नाय वाटाक तुका?"

कुशाबा परत फिरला. पुढच्या रविवारी तो मला घरी ठेवून जायला निघाला, पण उंबऱ्यापाशी थांबला. "न्हाई. ह्येच्यासमोर जे झालं ते ह्येच्यासमोरच ऐकायचं," असं पुटपुटला आणि मला घेऊन निघाला. तेव्हा तर दार उघडलंच नाही. असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी जाईबाईंनी आत यायला सांगितलं नाही, पण उंबऱ्याच्या आत त्या खाली बसल्या. कुशाबा बाहेर गॅलरीत बसला.

"तेका भूक लागलेली," त्या बोलू लागल्या. "घरात पीठ नाय होतां. तो म्हणालो, आये, भायर गडबड हा, उद्या आणतंय. मीच म्हटलंय, जा, दोन मिनटांचां काम." त्यांनी उंबऱ्यावरून हात फिरवला. "तुमी गातास, तो आपणाहून गेलो. तो आपणाहून जावक नाय, कुशाबा. मीच धाडलंय तेका."

कुशाबाने मला मांडीवरून खाली ठेवलं.

"तू माका इचारलंस? एकदा तरी इचारलंस?"

"न्हाई," कुशाबा म्हणाला.

"मगे जा."

त्याने दुसरं गाणं करायला एक महिना घेतला. पहिलं दोन दिवसांत झालं होतं. या गाण्यात रक्त हा शब्दच नव्हता:

ना झेंडा त्याच्या हातामधी, ना ओठावर बोल,
दळण घेउनी घरी निघाला, पिठाला आली ओल.

मंडळाच्या खोलीत त्याने ते म्हणून दाखवलं तेव्हा कमलाकांत उठून उभे राहिले. "कुशाबा, तुम्हाला वेड लागलंय का? लोक झेंड्यासाठी लढतात, दळणासाठी नाही. तो हुतात्मा आहे. त्याच्या हातात पिठाचा डबा देता? उद्या मोर्चाला कोण येईल?"

"कमलाकांतराव, झेंडा धरणाऱ्याला गोळी घातली तर सरकार म्हणतं, त्यो दंगेखोर व्हता. दळण आणणाऱ्याला घातली तर काय म्हनंल? ह्ये गाणं जास्त लागंल त्यास्नी."

"आणि आपण आठ महिने खोटं गायलो, असं लोकांना सांगू?"

"मी सांगतो. मी गायलो."

मला वाटतं, कमलाकांतांना ते पटलं होतं. त्यांचा आवाज उतरला होता. पण खोलीत मंडळाचे आणखी चार-पाच दांडगे कार्यकर्ते होते. त्यांतला एक पुढे आला, त्याने कुशाबाच्या हातातून मला हिसकावलं आणि फरशीवर आपटलं. माझं कडं चिरलं. दुसऱ्याने वरून पाय दिला. कातडं फाटलं नाही, पण कड्यापासून एका बाजूला उसवलं. "जा, आता दळण दळत बस," तो म्हणाला. सगळे हसले. कमलाकांत हसले नाहीत, पण त्यांनी कोणाला अडवलंही नाही. माझा सर्वांत जास्त राग त्यांच्यावर आहे. मोडणाऱ्याचा निदान हात तरी दिसतो.

मंडळाने दुसरा शाहीर धरला. कुशाबाचं पहिलं गाणं, त्याचेच शब्द, दुसऱ्याच्या तोंडून साडेतीन वर्षं वाजत राहिले. कुशाबाने माझ्या कड्याला तांब्याची तार आवळली, कातडं पुन्हा बसवलं, पण मला बाहेर काढलं नाही. गिरणीत लोक त्याच्याशी कामापुरतं बोलत.

साठ साली महाराष्ट्र झाला. मुंबई आपल्याला मिळाली. दादरला एका मैदानात मांडव पडला, आणि लोकांनी आग्रह धरला की रामदासाचं गाणं मूळ शाहिरानेच म्हणावं. कमलाकांत स्वतः आमच्या खोलीवर आले. त्यांचे केस पांढरे झाले होते. "या, कुशाबा," एवढंच म्हणाले. कोणतं गाणं, हे त्यांनी विचारलं नाही. कुशाबानेही सांगितलं नाही. पण मांडवात जायच्या आधी तो जाईबाईंच्या दारात गेला आणि म्हणाला, "आज मी खरं गाणार हाय. तुमी नको म्हणालात तर न्हाई गाणार."

जाईबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. मग चपला घातल्या आणि त्या पुढे चालू लागल्या.

माझा आवाज बिघडला होता. तार आवळलेल्या जागी मी थरथरत होतो. कुशाबाने आधी सांगितलं, "लोकहो, मी तुमच्याम्होरं खोटं गायलो व्हतो," आणि मग गायला लागला. 'ना झेंडा त्याच्या हातामधी' या ओळीला मांडव गप्प झाला. मग मागून शिट्ट्या आल्या. "आज सणाचा दिवस आहे! खाली बस!" "जुनं म्हण, जुनं!" कोणीतरी कर्ण्याची तार ओढली. कुशाबा तसाच गात राहिला, नुसत्या गळ्यावर. पुढच्या सहा-सात रांगांनाच ते ऐकू गेलं असेल. निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. टाळी एकानेही वाजवली नाही. कमलाकांत मात्र शेवटपर्यंत मान खाली घालून उभे होते.

जाईबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. गाणं संपल्यावर त्या व्यासपीठाशी आल्या. कुशाबा खाली उतरला. मला वाटलं, आता त्या त्याला माफ करतील. मी त्याचीच वाट बघत होतो.

त्यांनी माझ्या कातड्यावर तळहात ठेवला. तो खरखरीत होता.

"खरां गायलंस," त्या कुशाबाला म्हणाल्या. "आता पुरे. परत गाव नको. खूप फिरलो तो तुमच्या गाण्याबरोबर. आता माझो झील घराक येवंदे."

कुशाबाने मान हलवली. त्या दिवसानंतर त्याने ते गाणं कधी म्हटलं नाही, आणि मला कधी वाजवलं नाही. एवढं चांगलं गाणं! कधीकधी मला जाईबाईंचाही राग येतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या गाणी लिहील. अन्यायावर लिहा, जरूर लिहा, आणि डफ फुटेपर्यंत वाजवा. पण कोणाचं मेलेलं माणूस गाण्यात घेणार असाल तर आधी त्याच्या घरी जा. आत बोलावलं नाही तर बाहेर बसा. पाच रविवार लागले तरी बसा. आणि त्यांनी नाही म्हटलं, तर गप्प घरी या.