अदलाबदल

औषधाच्या त्या बोटभर उंचीच्या पारदर्शक पेल्यात एक गुलाबी गोळी, एक पिवळी आणि अर्धी पांढरी... तिने सवयीने गुलाबी गोळी उचलली आणि मीठदाणीच्या आडून समोर सरकवली, चेहरा मात्र खिडकीकडे, जसं काही आपल्या हाताशी आपला काही संबंधच नाही — आणि गोळी तशीच परत आली.

“आत्या, तुमचीच आहे ती,” समोर बसलेले कर्नल ओठ न हलवता म्हणाले.

तिने नीट पाहिलं. गुलाबी तिचीच होती. पिवळीही तिचीच. अर्धी पांढरी तर सरळ मधोमध कापलेली, कुठे भुगा नाही. कर्नलांच्या पेल्यात कर्नलांच्या गोळ्या होत्या. पलीकडच्या टेबलावरची माणसं आपापल्या पेल्यात डोकावून एकमेकांकडे बघत होती आणि कुणाला कुणाशी काही बदलायचं नव्हतं. सगळं बरोबर होतं. म्हणूनच तिच्या काळजात धस्स झालं.

बाई कुठे आहेत?

बाई म्हणजे इथल्या मेट्रन. निवृत्त माणसांच्या या वसाहतीत कर्नल कधी पलटणीत नव्हते, जन्म विम्याच्या कचेरीत गेला, पण मिशा बघून कुणीतरी नाव ठेवलं, आणि ती स्वतः सगळ्यांची आत्या झाली, कारण पहिल्या दिवशी तिला सोडून जाताना भाचा दारातून एवढ्या मोठ्याने “आत्या, येतो हं!” म्हणाला की अख्ख्या हॉलने ऐकलं. बाईंना मात्र कुणी नाव ठेवलं नाही. बाई बाईच. रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी ढकलगाडी घेऊन यायच्या, प्रत्येकापुढे पेला ठेवायच्या, खांद्यावर हात ठेवून “झोप लागली ना?” विचारायच्या, आणि उत्तर ऐकायला थांबायच्या. थांबणारं माणूस किती दुर्मिळ असतं हे ज्याच्यासाठी कुणी थांबत नाही त्यालाच कळतं.

दीडेक वर्षापूर्वी तिच्या पेल्यात कर्नलांची निळी गोळी आली होती. त्या दिवशी हसायला आलं होतं. कर्नल म्हणाले, “तुमची राणी माझ्याकडे आलीय, टाका माझा गुलाम.” मग महिन्यातून एकदा, मग आठवड्याला, मग... मग टेबलावर तो खेळच झाला. बाई पाठमोऱ्या झाल्या की पत्ते फिरायचे. शाळेच्या मागच्या बाकावर बसल्यासारखी मजा यायची, खोटं कशाला बोला. आणि बाई वळल्या की सगळे शहाण्यासारखे पाणी पिऊन मान वर करायचे. कुणी काही ठरवलं नव्हतं. बाई ओशाळतील, वरपर्यंत गेलं तर त्यांना काढून टाकतील, त्यांच्या जागी कुणीतरी कडक, घड्याळाकडे बघत बोलणारं येईल... आणि ज्या बाई तिच्या न्यूमोनियात पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसल्या त्यांच्याविरुद्ध तोंड कसं उघडायचं? चार गोळ्या इकडच्या तिकडे, एवढंच तर होतं. आम्ही काय दूधखुळे होतो? आपापल्या गोळ्या ओळखत होतो.

आज ढकलगाडीमागे एक तरुण गृहस्थ उभे होते. नवे व्यवस्थापक. त्यांच्या बुटांचा आवाज येत नव्हता. ते मधोमध येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “सुप्रभात. एक चांगली बातमी आहे. बाई कुठे जाणार नाहीत. आजपासून त्या इथेच राहायला येताहेत. आत्यांच्या शेजारची खोली रिकामी आहे ना, तिथे.”

हॉलने टाळ्या वाजवल्या. कर्नलांनी तर टेबल वाजवलं. तिनेही वाजवल्या, दोन-तीन, आणि मग हात तसेच राहिले, कारण तिच्या मनात हिशेब चालू झाला होता... बाईंना निवृत्त व्हायला अजून अवकाश होता. आणि इथे राहायला येतं ते कोण?

व्यवस्थापक दहाच्या सुमारास तिच्या खोलीत आले. दार वाजवून, परवानगी घेऊन, खुर्चीच्या टोकावर बसून. वागणं चांगलं होतं, त्याला नावं ठेवायला जागा नव्हती, आणि तिला ठेवायची होती.

“आत्या, बाईंना विसरायचा आजार झालाय,” ते म्हणाले. “डॉक्टर म्हणतात, दीड-दोन वर्षं तरी चालू असावा. आधी कळलं असतं तर थोडा आवरता आला असता. गेल्या आठवड्यात त्या बसस्टॉपवर सापडल्या. कुठे जायचंय ते सांगता येईना.”

 तिच्या कानांना दडे बसल्यासारखं झालं.

“त्यांना जवळचं कुणी नाही, म्हणून इथेच ठेवतोय. पण मला एक विचारायचंय. त्या रोज औषधं वाटत होत्या. तुमच्या टेबलावर कधी अदलाबदल झाली? कधी काही वेगळं वाटलं?”

“नाही हो,” ती म्हणाली. “कधीच नाही.”

काय आवाज होता तो! गुळगुळीत, विनम्र, ‘थांबा, जोडून देते’ म्हणणारा. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला यंत्र, हातात जोडणीच्या दोऱ्या, आणि कानावर काय काय पडायचं — कुणाची फसवणूक, कुणाचं रडणं, कुणाच्या मरणाची बातमी — आणि तिने ते ऐकलंच नाही असं करायचं, यालाच पगार मिळायचा. तो आवाज निवृत्त झालाय असं तिला वाटत होतं. तो आत दबा धरून बसला होता.

“बरं झालं,” व्यवस्थापक उठले. त्यांना खरंच हायसं वाटलेलं दिसलं. “सगळे हेच म्हणाले. म्हणजे शेवटच्या खोलीतल्या मावशींचंही तसंच धरायला हरकत नाही. त्यांची मुलगी उद्या येतेय. तिच्या मनात शंका आहे, आई अशी अचानक कशी गेली म्हणून. तिला सांगता येईल की इथे कुणालाही चुकीचं औषध गेलेलं नाही.”

दार हळूच लागलं.

शेवटच्या खोलीतल्या मावशी.

मावशी जेवायला हॉलमध्ये येत नव्हत्या. कंबर मोडल्यापासून पलंगावरच. त्यांचा पेला त्यांच्या खोलीत जायचा, पलंगाशेजारच्या स्टुलावर. तिथे समोर कर्नल नव्हते, मीठदाणी नव्हती, कुणी ‘राणी टाका’ म्हणणारं नव्हतं. इथे हॉलमध्ये आम्ही एकमेकांचं निस्तरून घेत होतो, हसत होतो, आणि कॉरिडॉरच्या त्या टोकाला एक म्हातारी जे पेल्यात येईल ते मुकाट गिळत होती. दीड वर्ष. आणि हे तिच्या डोक्यात... कुणाच्याच डोक्यात आलं नाही?

आलं नाही?

— लख्ख उन्हाची दुपार होती, मावशींच्या पांघरुणावर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडल्या होत्या. ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला गेली होती. मावशी पेला डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या होत्या, “अगं आत्या, ही पिवळी आणि ही निळी, या रोजच्यातल्या नाहीत गं. बघ ना जरा.” आणि तिने पाहिलं होतं. पाहिलं होतं! पिवळी तिच्या स्वतःच्या गोळीसारखी होती, रक्तदाबाची. आणि मावशींचा दाब तर आधीच कमी असायचा, उठवून बसवलं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची, हे सगळ्या कॉरिडॉरला ठाऊक. तिच्या मनात काहीतरी हललं होतं तेव्हा. मावशींच्या पोटात काही राहत नसे, लेकीला फोनवर सगळं सांगायच्या, आणि लेक खमकी, लगेच वरच्या ऑफिसात... ती म्हणाली होती, “घ्या हो. बाईंनी दिल्यात ना? मग बरोबरच असणार.”

मावशींनी तिच्याकडे बघत दोन्ही घेतल्या होत्या. पाणी तिनेच धरलं होतं.

 ती पलंगाच्या कडेवर बसली आणि पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली, जशी कुणी हलत्या नावेची धरतं. मला माहीत होतं का? त्या क्षणी, पेला हातात असताना, मला माहीत होतं का? नव्हतं. असणार कसं... शंका आणि माहिती यात फरक असतो. असतो ना? मावशी त्यानंतर आठवड्याने गेल्या. की दोन आठवड्यांनी? झोपेत गेल्या. सगळे म्हणाले, सोनं झालं. तीही म्हणाली.

कर्नल बागेत होते, बाकावर, ऊन खात. ती समोर जाऊन उभी राहिली.

“मावशींना कोण बदलून देत होतं?”

ते हसायला लागले, त्यांना वाटलं काही गंमत आहे. मग हसू मिशांतच अडकलं. ते हळूहळू पिवळे पडत गेले आणि तिला दिसलं की यांच्याही डोक्यात हे आत्ता, या क्षणी शिरतंय. बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं, की आपण एकट्या नाही.

“आत्या, त्यांचं वय झालं होतं,” कर्नल म्हणाले.

“आपलं नाही झालं?”

“कंबर गेली होती. डॉक्टरच म्हणाले होते, आता किती दिवस काढतील...” ते थांबले. “तुम्ही त्या नव्या माणसाला काही बोललात?”

“नाही.”

“मीही नाही. मग झालं तर.” आणि खालच्या आवाजात, तिच्याकडे न बघता: “झालं ना?”

 कर्नल काठीने मातीत रेघोट्या ओढत होते आणि तिला त्यांचा भयंकर राग आला, मग दया आली, मग काहीच येईना. मावशींच्या पेल्यात निळी गोळी होती हे त्यांना ठाऊक असेल का? ती त्यांचीच होती. पण पाणी त्यांनी धरलं नव्हतं.

दुपारी बाई आल्या. एक बॅग, एक उशी. नेहमीचा पांढरा गणवेश अंगावर नव्हता. फुलाफुलांचा ढगळ कपडा घातला होता, आणि त्यात त्या कुणाच्यातरी थोरल्या बहिणीसारख्या दिसत होत्या, पाहुण्या आलेल्या. व्यवस्थापकांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पडदा सारला, आणि “आत्या आहेतच शेजारी” म्हणून निघून गेले.

“आत्या!” बाईंचा चेहरा उजळला. तिला हुंदकाच आला. ओळखलं. म्हणजे काही नाही झालेलं यांना, डॉक्टरांचंच काहीतरी चुकलंय...

“सगळ्यांचं झालं का वाटून?” बाईंनी विचारलं. “मी आज जरा बसलेय. मावशींकडे कुणी गेलं?”

ती दारातच उभी होती. शेवटच्या खोलीला नवा रंग देत होते, त्याचा वास इथपर्यंत येत होता. बाईंना तो येत नसावा.

“गेलं होतं,” ती म्हणाली.

“बरं झालं. हॉलमधल्यांचं काय, ते बघतात आपलं आपण. मावशींचं कोण बघणार, पडून असतात त्या.” बाई सहज बोलल्या, उशीचा अभ्रा सारखा करत. हॉलमधले आपलं आपण बघतात. म्हणजे बाईंना दिसत होतं? पाठमोऱ्या असताना, इतके दिवस, त्यांना माहीत होतं की मागे गोळ्या फिरताहेत? की नुसतं बोलायचं म्हणून...? ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे काहीच सापडण्यासारखं नव्हतं. स्वच्छ, प्रेमळ तोंड.

आणि ते तोंड आता तिच्याकडे निरखून बघत होतं.

“इकडे या. बसा.” बाईंनी तिचा हात धरून तिला पलंगावर बसवलं. “हात गार पडलाय तुमचा. काय झालं? कशाला घाबरलात? मला सांगा बघू.”

मला सांगा बघू. भाच्याची बायको फोनवर टाकून बोलली तेव्हा, छातीत दुखलं आणि कुणाला सांगायची लाज वाटली तेव्हा, प्रत्येक वेळी याच तीन शब्दांनी तिच्या तोंडाचं कुलूप निघालं होतं. दिवसभर, ते तिला आत्ता कळलं, ती हेच कुणीतरी विचारावं म्हणून वणवण फिरत होती. आणि विचारलं ते हिने. जगातल्या सगळ्या माणसांत जिला हे सांगता येणार नाही, तिने. पाणी मी धरलं, बाई. तुम्ही चुकलात, आणि तुम्ही चुकताय हे मला माहीत होतं, आणि मी त्यांना म्हटलं, घ्या...

“सांगा ना,” बाई म्हणाल्या. त्या थांबल्या होत्या, अगदी पूर्वीसारख्या, उत्तर ऐकायला.

मग तिच्या मनात आलं... सांगितलं तरी काय होणार आहे? सगळं सांगता येईल. पिवळी, निळी, पाणी, सगळं. बाई ऐकतील, हात थोपटतील, बरी दोन वाक्यं बोलतील, आणि उद्या सकाळपर्यंत यातलं अक्षरही उरणार नाही. उद्या मावशींची मुलगी येईल तेव्हा हे फक्त मला ठाऊक असेल, आणि तरी मी सांगून मोकळी झालेली असेन.

तिच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. खरोखर उतरलं, श्वाससुद्धा खोल गेला — आणि तो गेलेला तिला जाणवला, हे मोकळं होणं फुकटचं आहे हे कळलं, तसा तिने आपला हात बाईंच्या हातातून सोडवायला घेतला. सुटत नव्हता. कोण धरून होतं, त्या की ती, ते तिला कळेना.