कोपऱ्यातल्या मॅडम

तपासणी म्हटलं की बालवाडीच्या बाईंची झोप उडायची. आणि का उडू नये? सरकारी पैशावर चालणारा वर्ग, गेल्या खेपेला शंभरात अठ्ठावन्न गुण. साठच्या खाली दुसऱ्यांदा गेलं की वर्ग बंद, आणि ही एवढीएवढीशी तेवीस पोरं मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या वर्गात. तो रस्ता बाई स्वतः जीव मुठीत धरून ओलांडत!

अडचण एकच होती आणि ती साडेतीन वर्षांची होती. तपासणीचा नियम असा, की हजर असलेलं प्रत्येक मूल तासाभरात एकदा तरी आपणहून बोललं पाहिजे. एक जरी गप्प राहिलं, तर दहा गुण गेले. आणि आपली मौनीबाई चार महिन्यांत वर्गात ब्र काढेल तर शपथ! घरी म्हणे तोंडाला उसंत नसते. इथे आली की तोंडाला कुलूप.

"त्यात काय एवढं?" मदतनीस मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या. "गैरहजर पोर मोजतच नाहीत. तिच्या आजीला सांगा, उद्या ठेवा घरीच."

"अहो मावशी, काहीतरीच काय!" असं बाई म्हणाल्या खऱ्या. पण घरी जाताना वाट वाकडी करून आजींच्या दारात गेल्याच. "उद्या गडबड आहे, नाही पाठवलंत तरी चालेल." बोलताना स्वतःचीच लाज वाटत होती. दाराआडून मौनीबाई सगळं ऐकत होती, ते तर आणखीनच वाईट.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या मॅडम आल्या. "मी कोपऱ्यात बसणार. तासभर एक अक्षर बोलणार नाही. नियमच आहे. मुलांनी मला विसरून जायला हवं," म्हणाल्या, आणि पोरांच्या इवल्याशा खुर्चीवर कशाबशा मावल्या.

विसरतायत कसली! एकानं त्यांचं पेन मागितलं, एकीनं विचारलं, "तू कुणाची आई?" मॅडम ढिम्म. शेवटी पोरं कंटाळून ठोकळ्यांकडे वळली.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. आजी, आणि त्यांचं बोट धरून मौनीबाई. "काय करू हो बाई, सकाळपासून बूट घालून बसली होती. ऐकेचना!"

बाईंचा चेहरा पडला. लगेच त्यांना स्वतःचाच राग आला. पोर आपल्या पायांनी वर्गात येतंय आणि आपण तोंड पाडतोय? चुलीत गेले ते दहा गुण! "ये गं बाळा," त्या म्हणाल्या.

तास संपत आला. बावीस जणांनी मिळून छप्पर डोक्यावर घेतलं होतं. मौनीबाई मात्र कोपऱ्यातल्या मॅडमकडे टक लावून बघत होती. मग ती उठली. पाण्याच्या पिंपाजवळचा लाल पेला तिनं भरला, दोन्ही हातांनी धरून, निम्मं पाणी सांडत मॅडमपाशी नेला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "बाई रागवत नाहीत. नाही बोललं तरी रागवत नाहीत. बोलावंसं वाटेल तेव्हा बोल हं."

मावशींच्या हातातलं फडकं गळून पडलं. बाईंना भडभडून आलं. पहिल्या दिवशी, हाच पेला देऊन, त्यांनीच तिला हे सांगितलं होतं.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं बाकी. नियम म्हणजे नियम! मुकाट्यानं सगळं पाणी पिऊन त्यांनी नाक पुसलं आणि लिहायला घेतलं.

निघताना तक्त्याची प्रत त्यांनी बाईंच्या हातात दिली. गुण एक्याऐंशी. खाली लिहिलं होतं: 'हजर मुले तेवीस. बोललेली तेवीस. तासभर गप्प राहिलेली व्यक्ती एक. तिलाही पाणी मिळाले.'

मावशी टाळ्या पिटू लागल्या. बाई मात्र मौनीबाईसमोर उकिडव्या बसल्या. "काल मी तुला येऊ नको म्हटलं. चुकले गं मी. उद्या येशील ना?"

मौनीबाई गप्प. नेहमीसारखीच गप्प. तिनं बाईंचे ओले डोळे नीट पाहिले, पिंपाकडे गेली आणि लाल पेला भरून घेऊन आली.