जस्ताचा सफेदा

"हात लावू नका, इल्काकाकू! श्वासानंसुद्धा पडेल."

इल्कानं पुढे केलेलं बोट मागे घेतलं. प्रदर्शनाआधी चित्र तपासायला संग्रहालयातून आलेली एमॉके स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्र आडवं ठेवून भिंगातून बघत होती. चित्रात इल्काची लेक होती, सात वर्षांची पिरोश्का. चर्चमधल्या पहिल्या प्रभुभोजनाचा पांढरा झगा, हातात मेणबत्ती. चेहऱ्यावरचा रंग सुकलेल्या चिखलासारखा कडांनी उचलला होता.

"झालंय काय गं हिला?"

"साबण झालाय, काकू. चेहऱ्याखाली जाड जस्ताचा सफेदा आहे. तो तेलाशी मिळून आतल्या आत साबण होत जातो, मग वरचा रंग धरत नाही. झगा नुसताच सफेदा आहे. तो तडकेल, पण राहील."

खिडकीशी बसलेला म्हातारा हसला. गेर्गेय, इल्काचा नवरा, आमच्या वाशारहेय गावचा नावाजलेला चित्रकार. गावानं त्याला डोक्यावर घेतलं होतं आणि तो तिथून कधी उतरला नाही.

"बटाट्याचं सांग की तिला! दर नामदिनाला कच्चा बटाटा घासून घासून पोरगी पुसलीस."

इल्काची आई संतांच्या तसबिरी बटाट्यानंच पुसायची. जानेवारीत पिरोश्काचा नामदिन, म्हणजे तिच्या नावाच्या संतिणीचा सण, आला की इल्काही तसंच करायची. लेकीचं तोंड धुतल्याचं समाधान तेवढंच.

"बटाटा आता बंद, काकू," एमॉके म्हणाली. "ओलाव्यानं भर पडली असेल. पण मूळ दोष सफेद्याचा."

"आणि सफेदा कुणाच्या हट्टानं आला? मी शिशाचा वापरत होतो. शंभर वर्षं हलला नसता. ही बया आडवी आली."

आली होती खरी. पोरगी ब्रश तोंडात घालायची आणि शिसं म्हणजे विष. इल्कानं शिशाच्या रंगाच्या सगळ्या नळ्या परसात पुरल्या, तेव्हा घरात जस्त आलं. पोरगी विषानं मेली नाही. त्याच उन्हाळ्यात पोलिओनं गेली. मागे फोटो एकही नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी गावातल्या सगळ्या पोरांचे फोटो निघाले. इल्कानं विषय काढला तेव्हा गेर्गेय म्हणाला होता, "चित्रकाराच्या घरात फोटो? खाटकानं शेजाऱ्याकडे मटण मागावं तसं झालं!"

"चेहऱ्यावर पातळ कागद चिकटवते," एमॉके म्हणाली. "खपल्या जागच्या जागी राहतील. पण तो कागद पुन्हा काढता येईल, असं मला नाही वाटत."

"म्हणजे ती दिसणार नाही?"

"दिसणार नाही. पण असेल."

इल्का ओट्याला टेकून उभी राहिली. डोळे पुसले.

"असू दे. लाव."

"वा! आणि माझ्या प्रदर्शनात?" म्हातारा गरजला. "सगळ्यात गाजलेलं चित्र, तोंडाला पट्टी बांधून?"

एमॉकेनं त्याच्याकडे न बघता कागद लावला.

रविवारी इल्का चर्चमधून परतली तर घरभर टर्पेंटाइनचा वास. टेबलावरचा कागद फाडलेला होता. गेर्गेयनं जुना चेहरा सुरीनं खरवडून तिथे नवा रंगवला होता.

"बघ! अगदी तशी."

मुलगी गोड होती. जत्रेतल्या बाहुल्या असतात तशी.

"तिचे डोळे तपकिरी होते," इल्का म्हणाली.

"होते का?" तो ब्रश पुसत म्हणाला. "निळे शोभतात झग्याला."

"खपल्या कुठे आहेत?"

"कसल्या? तो कचरा? शेगडीत टाकला."

इल्कानं शेगडीचं दार उघडलं. आत सकाळची लाकडं छान पेटली होती.

प्रदर्शनाला गर्दी लोटली. महापौर चित्रासमोर गहिवरले. "बापाची आठवण! इतक्या वर्षांनी डोळे कसे जिवंत आहेत बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी इल्काचा हात दाबला, तेव्हा ती हसली. चित्रकाराच्या बायकोनं अशा वेळी हसायचं असतं. एमॉके मात्र कोपऱ्यात उभी होती आणि तिनं इल्काकडे पाहायचं टाळलं.

जानेवारीत चित्र परत भिंतीवर आलं. नामदिनाच्या सकाळी इल्कानं सवयीनं बटाटा कापला. मग आठवलं, तशा दोन्ही फोडी रश्श्यात टाकल्या आणि कोरडा मऊ फडका घेतला. मेणबत्ती पुसली. झगा पुसला. लेकीची बोटं एकेक करून, हळूच. कॉलरपाशी आल्यावर फडका खाली घेतला.

"चेहरा राहिला की," गेर्गेय खिडकीशी बसून म्हणाला.

"तो तुमचा आहे. तुम्हीच पुसा."

तिनं फडका घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला आणि रस्सा उतू जातोय का ते बघायला गेली.