कोपऱ्याचा रेट

"ही फाईल मला एकट्याला पायजे. दुसऱ्या कुनाला द्यायची न्हाई. काय पडंल?"

अश्फाक शिकलगारने माउसवरचा हात काढून गिऱ्हाइकाकडे नीट पाहिले. मोडलेले कान, खांद्यावर टॉवेल, कपाळावर ताजी खरचट. ज्योतिबा पैलवान. काल डोंगराखालच्या गावच्या जत्रेत अमृत नावाच्या कोवळ्या पैलवानाने त्याला घिस्सा डाव मारून चितपट केले होते, आणि तो क्षण अश्फाकच्या कॅमेऱ्यात अचूक सापडला होता. खाली ज्योतिबा, वर अमृत, मागे उठून उभी राहिलेली माणसे. असा फोटो वर्षातून एखादाच मिळतो.

"एकट्याला म्हंजे कसं, पैलवान?"

"म्हंजे मी पैसे भरनार, अन् तुमी ती पुसून टाकायची. अडीच हजार आनल्यात."

विट्यात अश्फाकच्या दुकानाच्या भिंतीवर रेटकार्ड लावलेले होते. मोबाईलपुरती बारीक फाईल पन्नास, फ्रेमची दोनशे, फ्लेक्सची पाचशे. एवढ्या तीन ओळी लिहायला त्याला तीन वर्षे लागली होती. कागद नाही, शाई नाही, मग पैसे कशाचे, असे लोक विचारत, आणि हा भला माणूस चिडायच्या ऐवजी त्यावर विचार करत बसे. खरेच, कशाचे? कोण घेतो, कोण घासाघीस करतो, हे तो बारकाईने बघायचा. जिंकलेल्याचा मामा पाकीट आधी काढतो आणि भाव मग विचारतो. चुलते नमुन्याचा स्क्रीनशॉट मारून फुकटात काम भागवतात, त्यावर आडवे छापलेले 'अश्फाक फोटो' हे नाव त्यांना खुपत नाही. सोने-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यातले लोक कोईमतूरहून फोन करून पैसे धाडतात. आणि हरलेला कधीच येत नाही. सोळा वर्षांत एकही नाही. आज पहिला आला होता, तोही जिंकलेल्याच्या पाचपट पैसे घेऊन.

अश्फाकला पैशाचा मोह झालाच नाही असे नाही. पण मोहापेक्षा त्याचे कुतूहल मोठे होते.

"ह्याला आमच्या अब्बांच्या वक्ताला रेट हुता," तो म्हणाला. "निगेटिव्हसकट फोटू. धा पट."

अब्बांची, म्हणजे जाफरभाईंची ती पद्धत साऱ्या पेठेला ठाऊक होती. मोडलेल्या लग्नाचे, वाटण्या झालेल्या भावांचे असे फोटो मागायला लोक येत. जाफरभाई पट्टीतली तेवढी निगेटिव्ह गिऱ्हाइकासमोर कात्रीने कापून त्याच्या तळहातावर ठेवत. एकदा कात्री वाजली की विषय संपला.

"पर फाईलला कात्री कुठं लावू? ही कार्डात हाय, काँप्युटरात हाय, माझ्या मोबाईलात हाय. मी पुसली म्हनलो, तर तुमी कशावर इस्वास ठेवनार?"

"तुमच्या बोलन्यावर," ज्योतिबा म्हणाला.

आत पडद्यामागे अश्फाकची बायको समीना फोटोंच्या कडा कापत होती, तिचा हात थांबला.

अडचण अशी होती की अमृतचे मामा लालासाहेब यांनी सकाळीच नमुना पाहून हाच फोटो पसंत केला होता. त्यांना सोमवारी, ऐन बाजारच्या दिवशी, एसटी स्टँडसमोर दहा फुटी फ्लेक्स लावायचा होता. पैसे दुपारी येणार होते. अश्फाकने हे सरळ सांगून टाकले. ज्योतिबाचा चेहरा उतरला.

"पैलवान, राग मानू नका. पडलेला मानूस फ्लेक्सवर काय पयल्यांदा येतोय व्हय? चार दिसांत उन्हानं रंग उडतोय."

"मला लोकांचं काय न्हाई वो. माझा बाप सोमवारी बाजारला येतोय."

मग तो हळूहळू बोलता झाला. बाप आकाराम, आटपाडीकडचा, जन्म मेंढरांमागे गेलेला. ज्योतिबाच्या खुराकासाठी बापाने किती मेंढरे विकली याची मोजदाद नव्हती. पण त्याची कुस्ती कधी बघितली नाही. ज्योतिबा नऊ वर्षांचा असताना एकदा बघायला आला आणि पोरगे पडले. तेव्हापासून त्याने मनाशी गाठ बांधली, आपण बघितले की पोरगे पडते. पंचवीस वर्षे तो मैदानाच्या बाहेर झाडाखाली पाठ करून बसायचा आणि हलगी थांबली की कुणाला तरी विचारायचा.

"कालची माझी शेवटची कुस्ती. त्याला म्हनलो, आता वय झालंय तुझं, एवढ्या लांब येऊ नगंस. घरी गेलो अन् सांगितलं, बरोबरीत सोडवली म्हनून."

"मग? काय म्हनले?"

"बरं, म्हनला. अन् मेंढराकडं गेला." ज्योतिबाने टॉवेलने मान पुसली. "त्याला वाचायला येत न्हाई, भाई. पर लेकाचं त्वांड वळखू येत न्हाई व्हय? शेवटची कुस्ती बरोबरीत सुटली, एवढं तरी त्याच्यापाशी ऱ्हाऊ दे म्हनलं."

अश्फाकला वाईट वाटले. स्वतःच्या धंद्याचाही थोडा राग आला. पण अब्बांचा एक नेम त्याने कधी मोडला नव्हता. पुसायचे असो की विकायचे, गिऱ्हाइकाला आधी पूर्ण फोटो दाखवायचा. ज्योतिबाने मोबाईलवर नुसता नमुना पाहिला होता, नखाएवढा, त्यावर दुकानाचे नाव आडवे. अश्फाकने मूळ फाईल उघडली. पडदाभर तांबडी माती पसरली. ज्योतिबाने स्वतःकडे एकदा बघून नजर वळवली, आणि ती नजर डाव्या कोपऱ्यात अडकली.

"जरा हितं मोठं करा."

अश्फाकने कोपरा मोठा केला. टोप्या, फेटे, उंचावलेले हात. सगळे वर बघून ओरडत होते, जिंकलेल्याकडे. त्यांच्यात एकच माणूस खाली बघत होता. डोक्यावरून घोंगडे घेतलेला, गालफडे बसलेला म्हातारा. त्याने दोन्ही हात पुढे केले होते, तळवे वर. चालायला शिकणारे पोर धडपडले की घरातले माणूस करते तसे.

"कोन हाय?" अश्फाकने विचारले, पण विचारतानाच त्याला उत्तर समजले होते.

"बा हाय," ज्योतिबा म्हणाला.

बाहेर बाजारपेठेत टेम्पोवाला गाडी मागे घेताना ओरडत होता.

"म्हंजे त्यानं समोरनं बघितलंय," ज्योतिबा पुटपुटला. "अन् मी बरोबरीत म्हनलो तरी बरं म्हनला." मग एकाएकी तो ताठ झाला. "भाई, तो काय समजून बसला असंल! त्यानं बघितलं म्हनूनच मी पडलो, असं धरून बसला असंल बघा. कालपास्नं जेवला न्हाई नीट. मला वाटलं, मेंढरू आजारी हाय."

स्टुलावर बसलेल्या त्या धिप्पाड माणसाने चेहरा टॉवेलात घातला. अश्फाक उठला आणि पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवून परत आपल्या जागी बसला.

"लागू द्या फ्लेक्स," ज्योतिबा अखेर म्हणाला. "ज्यानं बघू नये म्हनून आलो, त्यानं बघितलंय. आता कुनापास्नं लपवू? मला तेवढा कोपरा द्या. ह्याचा रेट काय?"

"कोपऱ्याचा कसला रेट?"

"फुकट नगं. बाच्या फोटूचं पैसं द्यायचंत मला."

अश्फाकने कोपरा कापला, म्हातारा मध्ये येईल असा बसवला आणि आकार पाहिला. "मोबाईलपुरता हाय. पन्नास."

ज्योतिबाने अडीच हजारांतून पन्नासाची नोट शोधून काढली आणि तो जवळजवळ पळतच स्टँडकडे गेला. समीना पडदा सारून बाहेर आली.

"आवं, त्येनी अडीच हजार आनलं हुतं अन् तुमी पन्नास घेतलं?"

"रेटकार्ड बघ की," अश्फाक म्हणाला. ती हसली आणि नोट गल्ल्यात न टाकता तिने जाफरभाईंच्या फोटोच्या चौकटीत खोचली.

सोमवारी फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्याने मागची सगळी माणसे उडवून तिथे ढग आणि सिंह घातला होता. अश्फाकला राहवेना. दुकान समीनावर सोपवून तो समोरच्या टपरीवर चहा घेऊन उभा राहिला. अकराच्या सुमारास दोघे आले. पुढे घोंगडेवाला म्हातारा, मागे बाजाराच्या पिशव्या घेतलेला ज्योतिबा. म्हातारा फ्लेक्सखाली थांबला आणि मान वर करून निवांत बघत राहिला. जाणारे येणारे ज्योतिबाकडे आणि फ्लेक्सकडे आळीपाळीने बघत होते.

"तू दावलास त्या फोटूत हुतो की मी. मला का काढलं रं ह्यातनं?" म्हाताऱ्याने विचारले.

"तू माझ्यापाशी हायस," ज्योतिबाने वरच्या खिशातला मोबाईल दाखवला.

म्हाताऱ्याने काठी वर करून फ्लेक्सवरच्या लेकाच्या हाताकडे रोखली. "पट काढताना त्याचा पाय तुझ्या हातातनं कुठनं सुटला?"

"घोट्यापास्नं."

"दाव." म्हाताऱ्याने धोतर सावरून आपलाच वाळका पाय पुढे केला. "धर."

ज्योतिबाने पिशव्या खाली ठेवल्या. भर बाजारात, स्वतःच्या दहा फुटी पराभवाखाली, त्याने डांबरावर गुडघा टेकला आणि बापाचा घोटा दोन्ही हातांनी पकडला. म्हाताऱ्याची काठी खाली पडली. तोल जाऊ नये म्हणून त्याने दोन्ही हात पुढे केले, आणि ते पोराच्या मोडक्या कानांवर टेकले.