राखाडी पँटची मागची शिवण

शिंपी मास्तरांच्या पोटात वजन उतरवायचा बँड बसवला तेव्हा गल्लीला थट्टेला आयतंच निमित्त मिळालं. "जन्मभर दुसऱ्यांच्या कमरा आवळल्या, आता डॉक्टरने यांची आवळली, तीही आतून," असं शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता सांगायचा. मास्तर त्यावर सगळ्यांबरोबर हसायचे. जाड माणसाला स्वतःवर हसायची सवय फार लवकर लागते.

ऑपरेशनची गोष्ट त्यांना डॉक्टरांपेक्षा लवकर समजली होती. जठराच्या वरच्या टोकाला रबरी कडं बसवायचं, कातडीखाली एक बटणाएवढी डबी ठेवायची, तिच्यात सुईने पाणी सोडलं की कडं आवळतं आणि काढून घेतलं की सैल होतं.

"म्हणजे नाडी घातलीत," मास्तर म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "तसंच समजा."

हे सगळं करायचं ते गुडघ्यासाठी. मास्तरांचा उजवा गुडघा पार झिजला होता. हाडांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, की एवढं वजन नव्या गुडघ्यावर टाकता येणार नाही. आधी उतरवा, मग तारीख देतो. आणि मास्तरांना गुडघा हवा होता तो काही डोंगर चढायला नव्हे. त्यांना कटिंगच्या टेबलाशी उभं राहायचं होतं. कापड बसून कापता येत नाही. पुढे वाकावं लागतं, टेबलाभोवती फिरावं लागतं, अंग सगळं कात्रीमागे द्यावं लागतं. गुडघा गेला आणि मास्तर मशीनवर बसले. आणि जन्मभर मशीनवर बसलेला त्यांचा धाकटा भाऊ टेबलाशी उभा राहिला. "तात्पुरतं," असं दोघांनीही त्या दिवशी म्हटलं होतं.

दोघे भाऊ दुकानाच्या वरच्याच दोन खोल्यांत राहायचे. मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकट्याने लग्नच केलं नाही. स्वयंपाक धाकटा करायचा, इस्त्री धाकटा करायचा, आणि मास्तर दिवसातून दहादा त्याला हाक मारायचे. घरात बाई नसूनही दोघांचं बरं चाललं आहे असं लोक म्हणायचे.

बँडनंतरचे पहिले महिने कठीण गेले. भूक पोटात नसायची, डोळ्यांत असायची. पावाचा तुकडा नीट चावला नाही तर छातीत खुंटी ठोकल्यासारखा अडकायचा. तोंडाला फेस यायचा, मग बेसिन धरून वाकायचं आणि वाट बघायची, वर येतो की खाली जातो. जेवताना पाणी प्यायचं नाही. बशीत चमचाभर बटाटा आणि अर्धं अंडं, आणि तेवढ्यालाही अर्धा तास. एकदा गिऱ्हाइकाच्या कोटाची ट्रायल घेताना मास्तरांना अशी उचकी लागली की हातातली टाचणी गिऱ्हाइकाच्या काखेत गेली.

"दादा, तू बसून राहा," धाकटा म्हणाला. "माणसं उसवशील."

पण वजन उतरत होतं. आणि ते उतरतंय हे मास्तरांना कळायचं ते राखाडी पँटवरून. घरात वजनाचा काटा नव्हता. असता तरी मास्तरांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. काटा पाण्याचंही वजन दाखवतो, बुटांचंही दाखवतो. कापड तसं नाही. त्यांनी ऑपरेशनआधी धाकट्याकडून एक राखाडी पँट शिवून घेतली होती, कमरेला अगदी बेताची. ती सैल पडली की धाकट्याने मागची शिवण उसवून आत घ्यायची. बटण लावून दोन बोटं सहज गेली पाहिजेत, एवढंच मास्तर बघायचे. दोन बोटं गेली की ते टेबलाकडे बघायचे. आता फार दिवस नाहीत.

धाकटा तिसऱ्यांदा पँट आत घेत होता तेव्हा मास्तर म्हणाले, "किती घेतलंस?"

"बोटभर."

"टेप लाव रे एकदा नीट."

"टेपेला काय, तू पोट आत ओढून घेतोस. पँटला फसवता येतं का?"

मास्तरांना ते पटलं. ते त्यांचंच वाक्य होतं.

मग थंडी आली आणि कामाची गर्दी झाली. दवाखान्यात दर थोड्या दिवसांनी बँड तपासायला जायचं असतं. एकदा धाकटा म्हणाला, कोट अडकलेत, पुढच्या वेळी जा. पुढच्या वेळी म्हणाला, पँट तर सैलच आहे, मग घाई काय? मास्तरांनाही तिथल्या रांगेत बसायची हौस नव्हती. अलीकडे खाणंही सोपं झालं होतं. घन काही अडकतंच, म्हणून धाकटा सूप करायचा. भोपळ्याचं, गाजराचं, बटाट्याचं. घट्ट, गुळगुळीत, पिवळंधमक सूप. ते घशाखाली रेशमासारखं उतरायचं आणि कुठे अडकायचं नाही. मास्तर वाडगा निपटून घ्यायचे आणि दुसरा मागायचे.

"काय घालतोस रे यात?"

"प्रेम," धाकटा म्हणायचा, आणि दोघे हसायचे.

थंडी सरता सरता मास्तर एकदाचे दवाखान्यात गेले. मुद्दाम राखाडी पँट घालून गेले. जाताना धाकट्याला म्हणाले, "आज तारीख घेऊनच येतो. कात्रीला धार लावून ठेव." धाकटा खडूने रेघ ओढत होता. त्याने मान वर केली नाही.

नर्सने मास्तरांना काट्यावर उभं केलं. आकडा बघितला. त्यांना खाली उतरवलं आणि पुन्हा चढवलं.

"काका, काय चाललंय?"

"काय झालं?"

"जेवढं उतरवलं होतंत तेवढं सगळं परत आलंय, वर थोडं जास्तच."

मास्तर चक्क हसले. "तुमचा काटा बिघडलाय, बाई. ही पँट बघा. दोन बोटं जातात."

"काका, काटा सकाळीच तपासलाय." नर्स वाईट नव्हती. पण तिच्या आवाजात जो एक समजूतदारपणा आला तो मास्तरांना थपडेसारखा लागला. "सगळेच असं म्हणतात. मी काही रागावणार नाहीये. खरं सांगा, काय खाता?"

"काही नाही. सूप पितो."

"कसलं सूप?"

"भाज्यांचं."

"नुसत्या भाज्यांचं?"

मास्तरांना माहीत नव्हतं. आपण काय खातो हे त्यांना माहीत नव्हतं.

"घन पदार्थ बँड अडवतो," नर्स म्हणाली. "पातळ गोष्टींना तो अडवत नाही. लोणी, साय, साखर पातळ करून घेतली की सरळ खाली. बँडला पत्तासुद्धा लागत नाही. कोण करून देतं तुम्हाला?"

"भाऊ."

"मग त्यांना विचारा," ती म्हणाली. "आणि गुडघ्याचं म्हणाल तर या वजनाला हाडांचे डॉक्टर तारीख देणार नाहीत. मी विचारून बघते, पण नाही देणार. आत पडद्यामागे जाऊन पँट सैल करा आणि आडवे व्हा, डबी तपासायचीय."

पडद्यामागे मास्तरांनी पँट उतरवली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली. टाकता टाकता ती उलटी झाली. जन्मभर त्यांनी हजारो पँटी उलट्या करून पाहिल्या होत्या. ही एकच कधी पाहिली नव्हती. आपल्या घरातली शिवण कोण उलटून बघतं?

पँटच्या मागे मधोमध जी उभी शिवण असते तिच्या आत थोडं जास्तीचं कापड दाबून ठेवतात, पुढेमागे सैल करायला. त्याला माया म्हणतात. पँट तीनदा आत घेतली होती, म्हणजे आत बक्कळ माया असायला हवी होती. इथे दोन्ही बाजूंना दोऱ्याएवढी उरली होती. शिवणीच्या कडेने बाहेर आलेली कापडाची पट्टी बाकीच्या पँटहून गडद होती. तिने अजून ऊन आणि धुणं पाहिलं नव्हतं. आणि जुन्या टाक्यांची भोकं एकीशेजारी एक रांगांनी दिसत होती. आतल्या रांगेपासून बाहेरच्या रांगेपर्यंत. दोन बोटं जात राहावीत म्हणून कोणीतरी थोडं थोडं करून सोडत आणलं होतं, सुतासुताने, आणि प्रत्येक वेळी इस्त्री करून जुनी घडी मोडली होती. काम सुरेख होतं. शेवटाला उलटसुलट टाका मारून दोरा आत दडवला होता. तसा दडवायला मास्तरांनीच त्याला शिकवलं होतं.

नर्सने बाहेरून विचारलं, "झालं का काका?"

"हो," मास्तर म्हणाले. त्यांना बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर पँट होती.

ते दुकानात परतले तेव्हा गल्लीतले वकील आरशासमोर कोटाची ट्रायल देत होते. धाकटा त्यांच्या पाठीमागे वाकून खांद्याला खडू लावत होता.

"मास्तर, डावा खांदा जरा उतरलाय का हो?" वकिलांनी विचारलं.

मास्तरांनी दारातूनच उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण वकील आरशात धाकट्याकडे बघत होते.

"तुमचाच उतरलेला आहे, साहेब," धाकटा म्हणाला. "फायली एकाच हातात धरता. मी आत पॅड भरून देतो." आवाजात असा ठाम गोडवा होता की मास्तरांनी तो याआधी फक्त स्वतःच्या तोंडून ऐकला होता.

वकील गेले. मास्तरांनी दार लोटून घेतलं.

"सुपात काय घालतोस?"

धाकट्याने खडू खाली ठेवला. "काटा केला का त्यांनी?"

"सुपात काय घालतोस विचारतोय मी."

"लोणी. साय. थोडी दुधाची पावडर."

"थोडी?"

"बरीच."

"का रे?"

"तू बेसिनवर वाकायचास ते बघवत नव्हतं मला. अर्ध्या अंड्याला रडायचास दादा तू. डोळ्यांत पाणी यायचं तुझ्या. पहिल्यांदा साय घातली तर तू हसलास. कितीतरी दिवसांनी. मग मी घालत गेलो."

हे खरं होतं. मास्तरांना ते हसणंही आठवलं. क्षणभर त्यांचा राग ढिला पडला. मग ते म्हणाले, "आणि पँट? पँटीला उलट्या होत होत्या?"

धाकट्याने टेबलावरचा खडूचा भुगा झटकला.

"बोल ना. पँट का सोडलीस? आणि दवाखान्यात जाऊ दिलं नाहीस. मी तिथे त्या मुलीला म्हटलं, तुमचा काटा खोटा. माझी पँट खरी. तिला वाटलं म्हातारा चोरून खातोय आणि वर खोटं बोलतोय."

धाकट्याने कात्री उचलली, उगाच उघडमिट केली, आणि पुन्हा ठेवली. "मला हे आवडतं," तो म्हणाला.

"काय?"

"हे. टेबल. तुला ठाऊक आहे का, माणूस आत आला की आधी कोणाकडे बघतो? कापणाऱ्याकडे. मशीनवर बसलेल्याची फक्त पाठ दिसते. सगळं आयुष्य तू खडूने रेघ मारलीस आणि मी तिच्यावरून मशीन पळवली. वाईट नव्हतं. पण एकदा उभं राहिल्यावर परत बसवत नाही. तुझा गुडघा झाला असता तर मी पुन्हा पाठ झालो असतो."

"मागायचं होतंस. दिलं असतं मी."

"नसतं दिलंस, दादा."

नसतंच दिलं. हे मास्तरांना तिथल्या तिथे कळलं, आणि त्याने काही सोपं झालं नाही. टेबल हवं असणं समजत होतं. सायही समजत होती. पण रोज सकाळी आपण बटण लावून दोन बोटं घालायचो आणि खूश व्हायचो, तेव्हा हा शेजारी उभा असायचा. "बघ, सैल," असं म्हणायचा. कधी पाठीवर थापही मारायचा.

"मी सोडतो टेबल," धाकटा म्हणाला. "उद्यापासून साधं पाण्यासारखं सूप करतो. शपथ."

"सूप माझं मी करीन," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजारच्या रस्त्यावरच्या रेडिमेड कपड्यांच्या दुकानात गेले. जन्मात अशा दुकानाची पायरी चढले नव्हते. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "साइझ काय काका?"

"माहीत नाही."

तिने अंदाजाने एक पँट दिली. ती चढली नाही. दुसरी मांडीत अडकली. तिसरी लागली तेव्हा मुलीने कमरेवरचा आकडा सहज मोठ्याने वाचला, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. मास्तरांना वाटलं होतं, लाज वाटेल. नाही वाटली. उलट तो आकडा ऐकून एक प्रकारचा थंड आराम वाटला. शिवण बेकार होती, टाका लांब, दोरा हलका. पण ज्याने कोणी ती मारली त्याला मास्तर कोण हे माहीत नव्हतं, आणि त्यांच्यापासून काही लपवायचंही नव्हतं.

ती पँट घालूनच ते दुकानात आले. धाकट्याची नजर आधी कमरेवर गेली. तीन पिढ्यांच्या शिंप्यांच्या घरात रेडिमेड पँट. त्याचा चेहरा पडला.

"मागे गोळा होतंय," तो हळूच म्हणाला.

"होऊ दे."

"दादा, काढून दे, पाच मिनिटांत नीट करून..."

त्याचा हात पुढे आला होता.

"हात लावू नकोस," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता. धाकट्याने हात मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

मास्तर मशीनवर बसले. समोर वकिलांच्या कोटाचे तुकडे होते, धाकट्याने कापलेले, ट्रायलचे कच्चे टाके उसवून सुटे केलेले, खडूच्या खुणांसकट, शिवायला ठेवलेले. त्यांनी पहिला तुकडा उचलला, सुईखाली धरला, मग परत काढून मांडीवर पसरला. गळ्यातली टेप काढली. खांद्यापासून काखेपर्यंत लावली, आकडा बघितला, मापाच्या चिठ्ठीवरचा आकडा बघितला. मग दुसरा तुकडा घेतला.

त्या दुकानात एकाने कापलेलं दुसऱ्याने कधीही मोजून पाहिलं नव्हतं. धाकटा टेबलाशी उभा राहून ते बघत होता. मापं बरोबरच होती. मास्तर मोजत राहिले.